बारा डबे

तुमाला तर ठावं हाय, आमच्या गल्लीत मयत उचलेपर्यंत कुणाच्याच घरी चूल पेटायची न्हाई. पण शेजारी कॉलेज झालं, निम्मे लोक जागा विकून गेले अन् उरलेल्यांनी पोरांसाठी खोल्या काढल्या. मीबी काढल्या.

परवा सकाळी शेजारचे तात्या वारले. लेक कुरुंद्याहून यायची होती, म्हणून मयत ओट्यावर ठेवलेली. अन् मागून फोडणीचा वास! तसाच मागच्या दारी गेलो. त्यांची सून पोरांची मेस चालवते. ती रडत रडत पोळ्या लाटून राहिली होती.

म्हणलं, "वहिनी, तात्या दारात हायेत अन् तुमी चूल काहून पेटवली? जरा तरी लाज धरा!"

तिनं लाटणं थांबवलं न्हाई. म्हणली, "आज मेस बंद हाय म्हणून सांगितलं होतं, भावजी. तुमच्याच खोल्यांतून फोन आला. पोरांचा पेपर हाय. डबा न्हाई भेटला तर मेसबी सोडतो अन् खोलीबी, म्हणले."

डबे भरेपर्यंत तिथंच थांबलो. बारा डबे उचलले, खोल्यांवर पोचवून आलो.

मग तात्यांना खांदा दिला.