न खपलेली अकरा पिस्तुलं

थांबा मार्लिसबाई, खोक्याचं झाकण नका उघडू, दुकानात परत आलेलं हत्यार वहीत चढवावं लागतं, आधी तारीख घालू दे — सोळा जानेवारी, मंगळवार. उणे एकोणीस, वारा वायव्येचा, ऊन आहे पण नुसतं बघायला. हो, सरकारी वहीत हवामानाचा रकाना नाही, ठाऊक आहे मला, समासात लिहितो. तपासनीस येतो, दर खेपेला विचारतो हे काय, मी म्हणतो हवामान. बसा ना. कोट राहू दे म्हणता, राहू दे. कॉफी? नको. थोडीशी? नको. अर्धा कप? — तोही नको, राहिलं. आपल्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायची रीत, तुम्ही तिसऱ्यांदाही नको म्हणालात, म्हणजे खरंच रागावून आलाय. नाही, माझ्या कानावर आलंय सगळं. तुमचा दीर, डेल्मर, रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या टेबलाशी उभा राहून चाळीस माणसांत बोलला — आर्लो स्टेनेरूडने माझ्या भावाच्या गळ्यात अकरा भंगार पिस्तुलं मारली, कुत्रं हुंगणार नाही अशी. गाव चारशे माणसांचं, त्यात माझ्याकडून काही घेणारी साठ, त्यातली चाळीस तिथे केक खात होती. आणि आता तुम्ही तोंडावर विचारताय — आर्लो, तुम्ही व्हर्डेलला फसवलंत, की माझा नवरा मूर्ख होता? दोन्हींतलं एक सांगा, येत्या रविवारी मी तेच सगळ्यांना सांगेन. हे तुम्ही बरं केलंत, म्हणजे तोंडावर विचारलंत ते. बाकीचे नुसते हवेबद्दल बोलून गेले.

उत्तर देतो. पण पिस्तुलं समोर ठेवून देतो, एकेक, म्हणजे वहीतही उतरतील. उघडा आता.

हे पहिलं. याला आम्ही धंद्यातले लोक इस्त्री म्हणतो — बघा ना, वर दांडा लावला तर शर्टावर फिरेल. आता तुम्हाला वाटेल, पिस्तूल वाईट असेल म्हणून खपलं नसेल. तसं नसतं हो. वाईट पिस्तुलं भरपूर खपतात. गिऱ्हाईक दुकानात शिरतं तेव्हा त्याचं ठरलेलं असतं. शेरीफच्या कमरेला जे, ते शेरीफच्या मेव्हण्याच्या कमरेला, ते मग यालाही हवं. मग कमरेला लावायची कातडी कव्हरं त्याचीच निघतात, गोळ्या भरायची मॅगझिनं त्याचीच मिळतात, काडतुसं त्याचीच, अगदी पेट्रोल पंपावर च्युइंगमच्या शेजारी. आणि एखादं मागे पडलं की पडलंच. नाचाच्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी असलेली मुलगी — पहिली दहा मिनिटं कोणी विचारलं नाही की रात्रभर कोणी विचारत नाही, मग ती कितीका चांगली नाचेना. इस्त्रीवाल्यांनी काय केलं, तर काडतूसही स्वतःच्याच मापाचं काढलं. दुसऱ्या कुणाचं यात बसत नाही, यांचं दुसऱ्या कशात बसत नाही. चार वर्षांत कंपनी बसली. पिस्तूल उत्तम आहे. नुसतं उडवता येत नाही.

हे दुसरं, हा चिमटा. गोळी सुटली की वरचा भाग मागे सरकतो आणि अंगठ्याजवळची कातडी धरतो — इथली, बघा, माझ्या हाताला अजून वण आहे. ज्याला एकदा चावलं तो दुसऱ्यांदा येत नाही आणि चार जणांना सांगतो. हे तिसरं डावऱ्यांसाठी काढलेलं. कल्पना चांगली, पण डावरी माणसं लहानपणापासून उजव्या हाताच्या पिस्तुलावर शिकलेली, त्यांना हेच उलटं वाटतं. डावऱ्यांना चालेना, उजव्यांना चालण्याचा प्रश्नच नाही. हे गुलाबी मुठीचं. पुरुषांनी खोलीत बसून बायकांसाठी काढलं. बायका येतात आणि काळं मागतात. तीस वर्षांत मी एकच गुलाबी विकलं, ते तुमच्या नवऱ्याला. तुम्हाला नाही दिलं त्याने? — नाही, कसं देईल, तो काय वेडा होता?

काय? — नाही, आवडलं म्हणून घेतलं नाही त्याने. एकही. इस्त्री तर त्याला मुळीच नको होती. सगळे घेतात तेच हवं होतं त्याला, या काचेखाली समोरच होतं, त्यावर बोट ठेवलं त्याने. मीच म्हटलं, व्हर्डेल, ते नको, हे घे. हो, मीच. म्हणजे डेल्मरचं बरोबर आहे, गळ्यातच मारली, तसं सांगा रविवारी, माझी हरकत नाही — आता हे पाचवं बघा, हे रिव्हॉल्व्हर, वजन इतकं की कमरेला लावलं तर पँट खाली येते, हे घ्यायचं तर खांद्यावरून पट्टे लावणारं, गॅलसवालं गिऱ्हाईक पाहिजे, आणि गॅलसवाले आता —

ऐकू आलं मला. का दिलं नाही ते. ऐकू येतं मला.

चौदा वर्षं झाली त्याला. जानेवारीच होता, मंगळवारच होता. मार्लिसबाई, पिस्तूल बघायला आलेला माणूस आधी हातमोजे काढतो. वजन बघतो, पकड बघतो, चाप ओढून बघतो, नाक मुरडतो, म्हणतो माझ्या भावाचं याहून बरं आहे. तास घालवतो आणि मासे धरायचा एक गळ घेऊन जातो. व्हर्डेलने हातमोजे काढले नाहीत. काही उचलून बघितलं नाही. बोट ठेवलं नुसतं. आणि म्हणाला, आर्लो, काडतूस सुटं मिळतं का? मी म्हटलं, किती हवीत? म्हणाला, एक.

— हे मला बोलायचं नव्हतं. त्याला शब्द दिला होता मी. कॉफी घ्या आता. घ्याच. विचारत नाहीये, ओततोय.

ऑप्सालचं झालं होतं ना त्या शरद ऋतूत. धान्याच्या कोठारात. कर्मिट ऑप्साल आत उतरलेला, खालून मका सुटला, आणि बटणापाशी व्हर्डेल — कोठाराचा मुकादमच तो. वरून सांगितलं गेलं की कोठार रिकामं आहे, बटण दाब, याने दाबलं, आणि कर्मिट मक्याखाली गाडला गेला. चौकशी झाली, दोष नाही म्हणाले. गावात कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. मीही नाही. तेच तर. आपण सगळे त्याच्याशी दोन महिने हवेबद्दल बोलत होतो. तुम्हाला घरात दिसत असेलच, न जेवणं वगैरे, पण तुम्हीही — नाही, नाही, दोष देत नाही. आपल्याकडे कोण कोणाला असं विचारतं? बर्फ किती पडला ते विचारतो.

आता कायदा मला नाही म्हणू देतो. दुकान माझं, गिऱ्हाईक ठीक वाटलं नाही तर नको विकू. पण नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि माझी जीभ उचलली नाही. खरं सांगतो, नाही उचलली. बरं, नाही म्हटलं तर तासाभरावर मायनॉट शहर आहे, तिथल्या दुकानात त्याला कोण ओळखतं? तेव्हा मी इस्त्री काढली. म्हटलं, ते मागचं मॉडेल, त्यात दम नाही, हे घे. काडतुसं मागवावी लागतील. ट्रक मंगळवारी येतो, पुढच्या मंगळवारी विचार. आणि ती काडतुसं बनवणारं तेव्हा पृथ्वीवर कोणी नव्हतं, कंपनी बसून नऊ वर्षं झाली होती. हे माझं शहाणपण. दुसरा कोणी असता तर दार लावून घेतलं असतं आणि म्हणाला असता, व्हर्डेल, बस, काय झालंय? मी पिस्तूल विकलं.

मंगळवारी आला. आली का? नाही आली. कॉफी? नको. थोडीशी? नको. अर्धा कप? बरं. त्या खुर्चीत बसला, तुम्ही बसलाय त्याच. अर्धा कप संपायला दोन तास लागले. पुढच्या मंगळवारी, आली का? नाही आली, कारखान्यात काही गडबड आहे म्हणतात. असं एप्रिलपर्यंत. पेरणी सुरू झाली तशी त्याने विचारायचं सोडलं, यायचं नाही सोडलं. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा एक दिवस इथे उभा, हातमोजे न काढता. तेव्हा चिमटा दिला. त्याचं मॅगझिन नव्हतं — मागवतो म्हटलं. डावऱ्याची गोळी उडवणारी आतली पिन तुटलेली. गुलाबीचं मॅगझिन कंपनीनेच परत मागवलेलं. बघा उचलून, प्रत्येकात काहीतरी नाही. मी घाऊक बाजारात मुद्दाम तसली शोधायला लागलो. व्यापारी हसायचे, स्टेनेरूडला जे कोणी घेत नाही ते लागतं. अकरा पिस्तुलं म्हणजे अकरा वाईट हिवाळे, मार्लिसबाई. चौदातले अकरा. तीन बरे गेले.

त्याला कळत होतं का? तिसऱ्या वर्षी म्हणाला, आर्लो, तुझ्याकडे चालणारं काही असतं का रे? मी म्हटलं, असतं, पण तुला शोभत नाही. हसला. मग म्हणाला, मार्लिसला सांगू नकोस. बस, एवढंच आमचं बोलणं झालं त्यावर. बाकी मासे.

काय म्हणालात? — घरात करमत नव्हतं म्हणून? तुमच्यापासून सुटका म्हणून मंगळवार? चौदा वर्षं असं वाटत होतं तुम्हाला? नाही हो. तुमचंच बोलायचा. मार्लिसने हे केलं, मार्लिस असं म्हणाली. तुमच्या सफरचंदाच्या केकमध्ये दालचिनी जास्त असते हे मला त्याच्याकडून माहीत. म्हणायचा, जास्त असते पण सांगत नाही. — पुसा, तिथे कागदी रुमाल आहेत, तेलाचे हात पुसायचे, पण स्वच्छ आहेत.

तेव्हा रविवारचं असं. तो मूर्ख नव्हता. फसवलं मी, ते सांगा. आणि खरं सांगू का — हे सांगायची गरज नाही, पण आता इतकं झालंय — डिसेंबरात तो गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपट्यात वारला, हातात गळ धरून, आणि डॉक्टर म्हणाले हृदय, एकाहत्तरावं वर्ष, तेव्हा शवपेटीला खांदा देताना मला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं. हृदय! म्हणजे नुसतं हृदय. मनात म्हटलं, इस्त्रीने काम केलं. तीस वर्षं या काचेमागे उभा आहे, काय काय विकलं, कुणाच्या हातात काय गेलं देव जाणे, पण एवढी एक गोष्ट नीट झाली. भंगार विकून एक माणूस राखला. डेल्मर बोलत होता तेव्हा मी तिथेच होतो, तुम्हाला दिसलो नसेन, जिन्यापाशी. मनात म्हटलं बोल बाबा, मला माहीत आहे मी काय केलंय ते.

चला, वहीत घेतो. सहावं, सातवं — ही दोन्ही एकाच कारखान्याची, दोन्हींचाही चाप इतका जड की दोन बोटं लागतात. आठ. नऊ, दहा. आणि हे अकरावं, गेल्या वर्षीचं. झालं. अकराच्या अकरा, माझ्या वहीप्रमाणे.

खाली काय आहे? ही ब्रेडची पिशवी? — खोकं डेल्मरने भरलं ना? तुमच्या तळघरातल्या फडताळातून होतं तसं उचललं. तुम्ही नाही बघितलंत. बरं. नाही, राहू द्या, मी बघतो, तुम्ही हात नका लावू.

बारावं आहे.

हे माझ्याकडचं नाही. हे ते आहे — सगळे घेतात ते. मॅगझिन आहे. पिन आहे. चाप... व्यवस्थित आहे. तेल घातलेलं आहे. सोबत पावती आहे, मायनॉटची. एकवीस जानेवारी, गुरुवार. चौदा वर्षांपूर्वीचा. थांबा, जुनी वही बघतो — इस्त्री मी दिली एकोणीसला. मंगळवार, एकोणीस, समासात लिहिलंय, हिमवादळ, रस्ता बंद होण्याची शक्यता. म्हणजे दोन दिवसांनी. रस्ता उघडल्या उघडल्या गेला.

म्हणजे पहिल्याच आठवड्यात हे घरात आलं होतं. पुढच्या मंगळवारी या खुर्चीत बसून तो मला विचारत होता, आली का — तेव्हा हे तुमच्या तळघरात होतं. एप्रिलपर्यंत विचारत होता. चिमटा घेतला तेव्हा होतं. गुलाबी घेतलं तेव्हा होतं.

थांबा, पिशवी उलटी करतो.

पिशवीत काडतुसांची पेटी पण आहे. पन्नासाची. झाकण फोडलंय हिचं. बोलू नका मार्लिसबाई, एक मिनिट बोलू नका, मोजतोय. नाही, दुसऱ्यांदा मोजतो.

पन्नास आहेत.