सुपात न ठेवलेली गोळी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय बर्नार्ड सर, आपल्या धर्मग्रामाचे प्रमुख फादर गॉडफ्रे, दवाखान्याचे डॉक्टर जयवंत, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आपल्या नर्स सिस्टर सँड्रा, उद्यापासून त्यांची खुर्ची सांभाळणाऱ्या आर्या सिस्टर, आणि समोर बसलेल्या वटार गावच्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

माइक नीट लागलाय ना? मागे ऐकू येतंय? मला उगाच वाटतं की येत नाही.

सूत्रसंचालन करणारी टिफनी माझी नात. तिने मला बजावलंय, "आजोबा, पाच मिनिटं. आणि कागदाबाहेर जायचं नाही." कागद तिनेच लिहून दिलाय. मी पडलो चौथी पास, फुलांचा माणूस. माझ्या हातून पुड्या बांधून घ्या, भाषण कसलं घेताय? पण सिस्टर सँड्रांनी या गावात एकतीस वर्षं घरोघर चालत जाऊन सुया टोचल्या, जखमा धुतल्या, म्हाताऱ्यांची बोलणी खाल्ली. त्यांच्या निरोपाला मी उभा राहिलो नाही, तर मला आज झोप लागायची नाही.

कागदावर लिहिलंय, सिस्टरांचे तीन गुण सांगावे. मी एकच सांगतो. सूप.

तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. सिस्टर कुणाच्याही घरी सुई द्यायला गेल्या की आधी म्हणायच्या, "सूप आणा." घरात असतील नसतील तेवढी औषधं त्या सुपात घालायची. गोळ्या, काढे, तेलं, मुंबईच्या डॉक्टरांचं, वैद्याचं, शेजारणीने दिलेलं, सगळं. त्या एकेक उचलून वाचायच्या आणि मगच पेटी उघडायच्या. आपण हसायचो. ॲल्रॉयच्या आईने तर एकदा तांदूळ न काढताच सूप पुढे केलं होतं. सिस्टर तांदळातून गोळ्या वेचत बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, आज मी निवडून देते, उद्या मात्र शिजवून वाढायचं हं."

हसा, हसा. मलाही तेव्हा हसू आलं होतं. पुढचं मात्र हसण्यासारखं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या कॅथरिनला गाठीचा आजार झाला. ती बघा, पहिल्या रांगेत, निळ्या साडीत. ऑपरेशन झालं, मग कॅन्सरची ती औषधं सुरू झाली आणि उलट्या लागल्या. चार दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. त्याचं नाव टिफनीने मोठ्या अक्षरात काढून दिलंय. प्रोक्लोर... पेराझिन. झालं बुवा एकदाचं.

सिस्टर घरी आल्या. ॲल्रॉय शेजारीच राहतो, तो आला होता. त्याने खोक्यातला कागद वाचला आणि ओरडला, "अंकल, हे तर डोकं फिरलेल्यांना देतात!" म्हटलं, बायकोला उलट्या होतायत, हिला वेडी ठरवता की काय?

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सॅन्टनदादा, तुमच्या कोयत्याने केळीचा घड उतरवता, त्याच कोयत्याने चाफ्याची वाळकी काटकी काढता. जोर सारखाच लावता का? मनाच्या आजाराला हे औषध वेगळ्या हिशेबाने देतात, उलटीला थोडंसं. आणि मनाचा आजार असता तरी त्यात लाजायचं काय?"

ॲल्रॉय, मान खाली घालू नकोस. तू निदान वाचलंस तरी.

मग सिस्टरांनी सगळं समजावलं. सुई दिल्यावर पडून राहायचं. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर रक्तदाब उतरून चक्कर येते. झोप येईल, म्हणून विळी-चुलीपाशी जायचं नाही. दारूचा थेंब नाही. उलटीची दुसरी कुठली गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. मान, जबडा, डोळे ताठरले किंवा अंग कडक होऊन ताप आला, तर तशीच गाडी काढायची. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "वहिनींचा हात थरथरतोय का हो? कंपवाताच्या माणसाला हे औषध चालत नाही. त्याच्या गोळ्या असतील तर सुपात घाला."

आणि मी म्हणालो, "चार दिवस उपाशी आहे, थरथरणारच."

टिफनी, मला माहीत आहे हे कागदावर नाही. बस तू.

लोकहो, कॅथरिनला त्याच्या दोन वर्षं आधीपासून कंपवात होता. विरारच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. घराबाहेर कुणाला पत्ता नव्हता. का? तर चर्चच्या वेदीची फुलं कॅथरिन करायची. लग्न होऊन आली तेव्हापासून. हात कापतो हे कळलं तर ते काम दुसरीकडे जाईल, या भीतीने तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं. सिस्टर ओटीवर चपला काढत होत्या, तेवढ्यात मी ती गोळ्यांची पट्टी केळीच्या पानात गुंडाळली, चाफ्याची पुडी बांधतो तशी दोरा मारून बांधली आणि फुलांच्या टोपलीत सारली. सूप पुढे केलं ते तेवढी एक पुडी सोडून. सिस्टरांनी सुपातलं सगळं वाचलं. जे ठेवलंच नव्हतं, ते त्या कसं वाचणार?

सकाळी सुई दिली. उलटी थांबली. मी देवाचे आभार मानले. जेवणवेळेला कॅथरिनची मान एका बाजूला वळली ती वळलीच. जबडा मिटला. अंग लाकडासारखं. डोळे तेवढे माझ्याकडे बघत होते. मी धावत जाऊन सिस्टरांना आणलं. त्यांनी एकदाच पाहिलं आणि माझा दंड धरला. "सॅन्टनदादा, आता शेवटचं विचारते. काय लपवलंत?"

मी टोपली उपडी केली. सगळी फुलं जमिनीवर. पुडी त्यांच्या हातात दिली.

त्या मला एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. रिक्षात कॅथरिनचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, पुडी मुठीत धरून. इस्पितळात पोचल्यावर आधी ती पुडी डॉक्टरांच्या हातात दिली. ते म्हणाले, हे कळलं म्हणून नेमकं काय उतरवायचं ते कळलं. उताऱ्याचं औषध दिलं, उलटीचं औषध बदललं, कंपवाताला चालेल असं दुसरं दिलं. संध्याकाळपर्यंत मान सरळ झाली. तिसऱ्या दिवशी तिने पेज मागितली, आणि मीठ कमी पडलं म्हणून मला बोलली. तेव्हा मला कळलं, ही जगते.

इथवर ठीक. पण गावात काय पसरलं? सिस्टरांच्या सुईने सॅन्टनची बायको वाकडी झाली. कितीतरी महिने लोक त्यांना दारातून परत पाठवायचे. ॲल्रॉयच्या आईने उलट्या सोसल्या पण सुई घेतली नाही. सिस्टर खालमानेने गल्लीतून जायच्या आणि मी माडीवरून बघायचो. एकदा धीर करून विचारलं, "तुम्ही सांगत का नाही लोकांना?" त्या म्हणाल्या, "पेशंटच्या घरातलं मी रस्त्यावर आणत नाही. तुम्हाला सांगायचं तेव्हा तुम्ही सांगा."

मला सांगायला सहा वर्षं लागली.

काल कॅथरिन म्हणाली, "उद्या तुम्ही बोलला नाहीत तर मी उठेन. माझा आवाज आता बारीक झालाय, लोकांना जवळ यावं लागेल, पण मी बोलेन." म्हणून बोललो. त्या सुईत सिस्टरांची काहीही चूक नव्हती. चूक माझी होती. बर्नार्ड सर, अध्यक्ष म्हणून हे वहीत लिहून घ्या.

आणि फादर, एक विनंती. तिचं वेदीचं काम तेवढं काढून घेऊ... काय म्हणता? मोठ्याने म्हणा, मला ऐकू कमी येतं.

पहिल्याच वर्षी कळलं होतं? सगळ्यांना? चर्चमध्ये मिस्सेला बसणाऱ्या प्रत्येकाला तिचा हात दिसत होता?

बघा म्हणजे. आम्ही दोघं कुणापासून लपवत होतो!

बरं. टिफनी हात दाखवतेय, आवरतो. सिस्टर, समिती तुम्हाला शाल आणि हार देणार आहे. तो हार कॅथरिनने केलाय. सकाळचे तीन तास लागले, दोन फुलं सरळ बसली नाहीत, तशीच ठेवा म्हणाली. आणि हे सूप मी आणलंय, ते मात्र तुमच्यासाठी नाही. आर्या सिस्टर, जरा पुढे या. यात आमच्या घरातली सगळी औषधं आहेत. माझ्या रक्तदाबाची, गुडघ्याचं तेल, मी चोरून घेतो तो खोकल्याचा काढा आणि ही पानात बांधलेली पुडी. ही कंपवाताची. सगळ्यात वर ठेवलीय, आधी दिसावी म्हणून. तुम्ही विचारायच्या आत आणून दिलंय. सिस्टर सँड्रा, बघा, काही राहिलं नाही ना?

त्या मान हलवतायत. नाही राहिलं.

समितीने बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, याबद्दल सगळ्यांचे आभार. आज बोलण्यात कुठे चुकलं असेल तर म्हातारा समजून पदरात घ्या. आणि सहा वर्षं गप्प बसण्यात जे चुकलं त्याची माफी, सिस्टर, मी तुमच्याकडे हात जोडून मागतो.

कॅथरिन, ऊठ आता, हार घाल त्यांना. हळू. आधी बस नीट, मग उभी राहा.