फुलसिंगपाशी राहिलेला आवाज

तातेराव : ते मला काही सांगू नको. जीप मंग भर. सरांच्या बाईंनी तुलाच बोलावलं.

फुलसिंग : मलाच काहून? सारा वर्ग व्हता ना दहावीचा.

तातेराव : वर्गात व्यंकटराव सरांची नक्कल कोण करायचं?

फुलसिंग : हळू बोल, पाशिंजर बसलेत. सेनगाव, सेनगाव, सेनगाव! चला, मागं दोन शिटा हायेत! अरे तात्या, ज्या माणसाची बोलतीच गेली, त्याच्यापुढं जाऊन त्याचीच नक्कल करू? येवढा निलाजरा वाटलो का मी?

तातेराव : आधी ऐकून तं घे. सरांच्या घरी रोज दूध घालतो मी. नांदेडला गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घर कसं गुमसुम झालंय, मला ठावं. परवा बाई पातेलं हातात घेऊन उभ्याच राहिल्या. म्हणल्या, "तातेराव, घरात माणूस आहे, पण आवाज नाही. कुणाकडं यांचं बोलणं भरून ठेवलेलं असेल का रे?" साऱ्या नातेवाईकांना इचारून झालं त्यांचं. पुतणीच्या लग्नाची कॅसेट सापडली. तिच्यात सर बोलून राहिले, पण मागं बँडवाला असा पेटला, की एक शब्द ऐकू येईना.

फुलसिंग : अन् तू लगेच माझं नाव सांगितलं.

तातेराव : म्या न्हाई. त्याच म्हणल्या, "ते चहावालं पोरगं कुठं असतं आता?"

फुलसिंग : अजून ध्यानात हाय त्यांच्या?

तातेराव : कोण इसरंल! शाळेच्या कुंपणाला लागून घर. मधल्या सुट्टीत तू बोरीमागं दबून सरांच्या आवाजात, "अनुसूया, चहा टाक गं, पाहुणे आलेत!" बाई आतून, "आत्ताच तर घेतला ना तुम्ही!" अन् तरी बिचाऱ्यांनी चहा टाकला, किटली भरून शिपायाबराबर ऑफिसात धाडली. सर तिथं एकटेच हजेरीपट भरून राहिले व्हते. पाहुणा न्हाई, काही न्हाई. किटलीकडं बघतेत, शिपायाकडं बघतेत!

फुलसिंग : हसू नको. दुसऱ्या दिवशी बाकावर कोण उभं व्हतं?

तातेराव : तू! सर म्हणले, "हं, कर माझी नक्कल. आम्हालाही ऐकू दे." पोरी दप्तरामागं तोंड लपवून खिदळून राहिल्या, अन् तू नुसता खांब.

फुलसिंग : एक शब्द निघाला न्हाई. मंग सरांनी टेबलावर डस्टर वाजवलं. एकदा.

तातेराव : एकदा म्हंजे बस खाली. दोनदा म्हंजे पुढं वाच. माझ्या नशिबी दोनदा कधी वाजलंच न्हाई. उभा राहिलो की, ठक!

फुलसिंग : तुझी गंमत व्हते रे. त्यांचा आवाज धडधाकट व्हता, तवा मला जमलं न्हाई. आता कोणत्या तोंडानं जाऊ? सरांना वाटंल, आलं पोरगं पुन्हा आपल्यावर हसायला. म्हाताऱ्या माणसाला तेवढी तकलीफ मला द्यायची न्हाई.

तातेराव : मंग हेच तू स्वतः बाईंना सांग. म्या न्हाई सांगणार. उद्या दूध घेऊन मलाच त्या दारात उभं राहायचंय.

फुलसिंग : व्हय, सांगतो. उतरा हो मावशी, उतरा! मागच्या जीपीत बसा. ही आता जात न्हाई.

(सरांचं घर. पुढच्या खोलीत खुर्चीवर व्यंकटराव सर. गळ्याभोवती मफलर, हातात चष्म्याची लाकडी डबी.)

अनुसूयाबाई : या रे, आत या. अहो, बघा कोण आलंय. फुलसिंग, तांड्यावरचा. ओळखलं बरं का त्यांनी, हसले बघ.

फुलसिंग : पाया पडतो, सर.

अनुसूयाबाई : केवढा झालास! तातेरावनं सांगितलंच असेल तुला. जन्मभर मी त्या आवाजावर करवादले रे. हळू बोला, शाळा सुटली, हा वर्ग नाही म्हणायची. आता चहा वेळेवर देते, घेतात, कप खाली ठेवतात. मागत मात्र नाहीत. मला कुणीतरी मागायला हवंय बघ.

फुलसिंग : बाई, राग मानू नका. मी न्हाई म्हणायला आलोय.

अनुसूयाबाई : असं का रे?

फुलसिंग : सरांची टिंगल व्हईल. टिंगल तर मी तवाबी केली न्हाई, सर. आज आलोय तर सांगूनच जातो. तांड्यावर आमी आमची बोली बोलायचो. आठवीला गावच्या शाळेत आलो, तर मराठी बोलायला तोंड उघडलं की पोरं हसायचे. हा तात्याबी हसायचा.

तातेराव : हसायचो. खोटं काहून बोलू?

फुलसिंग : मंग शाळा सुटली की तांडा येईस्तोवर मी तुमचं बोलणं जसंच्या तसं म्हणत जायचो. कुठं थांबायचं, कुठं जोर द्यायचा, कुठं खाकरायचं. एक दिवस वर्गात बोलता बोलता तेच निघालं, अन् पोरं पोट धरून हसले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर हसले न्हाईत. तिथून मी नकलाकार झालो. बाकावर उभं करून तुमी म्हणले, नक्कल कर. मला कळंनाच, काय करू. माझी मराठी अन् तुमची मराठी अशा दोन न्हवत्याच माझ्यापाशी. जी व्हती, ती तुमचीच व्हती, सर.

तातेराव : फुल्या, इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलला न्हाईस रे.

अनुसूयाबाई : अहो, काय झालं? पाणी देऊ का? डोळे पुसा आधी.

तातेराव : डबी वाजवली सरांनी. खुर्चीच्या दांड्यावर.

फुलसिंग : एकदा. बस खाली म्हणून राहिले. चल तात्या, निघू.

अनुसूयाबाई : थांब रे जरा. हात कापतो त्यांचा, एका दमात होत नाही काही.

तातेराव : पुन्हा वाजवली! ठक, ठक. दोनदा, फुलसिंग! बराबर दोनदा!

अनुसूयाबाई : दोनदा म्हणजे काय?

तातेराव : पुढं वाच, बाई.

अनुसूयाबाई : मग मी स्वयंपाकघरात जाते. समोर नको. तेव्हाही मी आतच असायची.

तातेराव : गेल्या बाई. सरांनी डोळे मिटले बघ. आता खांब व्हऊ नको, बाबा.

फुलसिंग : (सरांसारखं खाकरून) अनुसूया, चहा टाक गं, पाहुणे आलेत!

तातेराव : आई शप्पथ! अंगावर काटा आला माझ्या. पण आत काहीच हालचाल न्हाई रे. भांडंबी वाजंना. बघू का जाऊन?

फुलसिंग : थांब.

अनुसूयाबाई : आत्ताच तर घेतला ना तुम्ही!