आबांना सांगा

शैला : आत्ता ताप नाही, मान्य. थर्मामीटर अठ्ठ्याण्णवच दाखवतंय. पण घरून निघताना औषध पाजलं होतं का, तेवढं सांगा.

प्रेरणा : सर्दीचं असंल मॅडम, थोडंसं.

शैला : सोळा वर्षं झाली मला बजाजनगरात पाळणाघर चालवून. पोरीच्या ओठाला गुलाबी डाग आहे, प्रेरणा.

प्रेरणा : ...सहा वाजता दिलं. तापाचंच.

शैला : म्हणजे अकरा-साडेअकराला औषध उतरणार आणि ताप चढणार. मी फोन लावणार, तर तुमचा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये. तोवर बाकीच्या नऊ पोरांत ही खोकत बसणार, आणि दोन दिवसांनी नऊच्या नऊ आया माझ्या दारात.

प्रेरणा : डॉक्टर म्हणले साधा फ्लू हाय.

शैला : साधाच आहे, म्हणून नियमही साधा आहे. औषध न देता चोवीस तास ताप आला नाही आणि पोर नीट जेवायला-खेळायला लागलं, की खुशाल आणा. थोडा खोकला राहिला तरी चालेल मला. आणि पालकांच्या ग्रुपवर हा नियम टाकायला कुणी लावलं होतं? हिमांशू तापात आला होता तेव्हा?

प्रेरणा : मीच.

शैला : ठळक अक्षरात टाका म्हणाला होतात.

प्रेरणा : आजचा दिवस, मॅडम. बाहेरचं ऑडिट हाय आज, माझ्या लाईनचं. चार महिने मी त्याचीच तयारी करतेय. साहेबांनी पहिल्यांदा बाईमाणसाला पुढं उभं केलंय. नऊला मी गेटवर नसले तर दुसरा कुणी उभा राहील, आणि मग कायम तोच उभा राहील. हिचे पप्पा, शिवराज, पुण्याला गेलेत, उद्या येणार. माझ्या हातात काहीच नाही.

शैला : कळतंय हो मला. पण तुमच्या लाईनवर संशयाचा माल आला तर पुढं सोडता का तुम्ही?

प्रेरणा : नाही. लाल टॅग लावून बाजूला ठेवतो.

शैला : मग?

प्रेरणा : माझी पोरगी माल हाय का, मॅडम?

शैला : नाही, म्हणून तर टॅग लावत नाहीये. बरं, ते तिकडं लिंबाखाली पिशवी घेऊन उभे आहेत ते कोण? मघापासून आपल्याकडं पाठ करून उभे आहेत.

प्रेरणा : सासरे. अजिंठ्याहून काल आले, डोळे तपासायला. सासूबाई गावाकडंच, म्हैस व्यायला झालीय. आबा आज संध्याकाळच्या गाडीनं परत चालले.

शैला : म्हणजे घरात एक धडधाकट माणूस रिकामा आहे आणि तुम्ही माझ्याशी हुज्जत घालताय?

प्रेरणा : त्यांना कसं सांगणार?

शैला : तोंडानं.

प्रेरणा : आमच्यात सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाहीत, मॅडम. लग्नाला पाच वर्षं झाली. आधी शिवराजच्या हातून निरोप जायचा. आता हिच्या हातून. संस्कृती, आबांना म्हण चहा झालाय. संस्कृती, आबांना विचार अजून चपाती वाढू का. असंच चालतं. आज ही झोपलीय खांद्यावर.

शैला : निरोप नेणारीच आजारी पडली म्हणायची. अंगात कंपनीचा शर्ट आणि डोक्यावर ओढणी, तरीच. थांबा, मीच बोलते. अहो आजोबा, जरा इकडं येता का?

कारभारी : रामराम बाई. घेतली का पोरगी?

शैला : नाही घेतली. ताप पुरता गेल्याशिवाय मी घेत नाही. आज तुम्ही सांभाळायचं.

कारभारी : म्या? नाय बाई. सूनबाईला सांगा, मला ते जमायचं नाय.

प्रेरणा : आबांना सांगा, मी त्यांना म्हणलेच नव्हते.

कारभारी : तिला सांगा, म्हनली नाय हे कबूल. पर मनात असंल तर मला कसं कळावं?

शैला : आजोबा, ती दोन फुटांवर उभी आहे.

कारभारी : व्हय. म्हनून तर तुमाला सांगून ऱ्हायलो.

प्रेरणा : आबांना सांगा, ही उठून रडायला लागली तर त्यांची पंचाईत होईल. शी-शू झाली तर धुवावं लागतं. ते मी त्यांना कसं सांगणार?

कारभारी : तिला सांगा, आठ-आठ म्हशींचं शेण काढलंय म्या. त्याची फिकीर नाय. पर बाई, खरं सांगू का? शिवराज कवा रांगला, कवा चालला, मला ठावंच नाय. मी दिसभर रानात. लेकरं बायांनी वाढवली. तापलेलं लेकरू एकट्यानं हातात घेतलं नाय कधी. हिला माझ्या हातून काय झालं तर सूनबाईला तोंड कसं दाखवू? भ्या वाटतं मला.

शैला : ऐकलंत, प्रेरणा?

प्रेरणा : ऐकलं. ...आबांना सांगा, मला वाटलं त्यांना कमीपणा वाटंल.

कारभारी : कमीपणा कसला त्यात. इचारा तिला, कंपनीत कितीला जायाचंय?

प्रेरणा : नऊला.

कारभारी : आन आता किती झाले?

शैला : आठ पस्तीस. आजोबा, नीट ऐका. थोडं थोडं पाणी देत राहायचं, पातळ पेज द्यायची. जबरदस्तीनं भरवायचं नाही. ताप चढला तर गोधडीत गुंडाळू नका. औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच, त्याच वेळेला. आणि धाप लागली, पाणी पिईना, उठवून उठेना, तर मला हाक मारा आणि सरळ दवाखान्यात. मी मागच्याच गल्लीत आहे.

कारभारी : ध्यानात ऱ्हाईल. अजून काय?

प्रेरणा : आबांना सांगा, झोपताना तिला कुणाचा तरी कान धरायला लागतो. त्याशिवाय झोपत नाही ती.

कारभारी : कान? तिला सांगा, दोन हायेत. आणा हिकडं पोरीला.

शैला : डोकं खांद्यावर घ्या. हां, अस्सं. आणि तुम्ही पळा, प्रेरणा. रिक्षा जातेय बघा.

(चौथ्या दिवशी सकाळी, त्याच दारात.)

शैला : या, या. ऑडिट झकास झालं म्हणे, ग्रुपवर पेढ्यांचा फोटो पाहिला मी. संस्कृतीला शेवटचा ताप कधी होता?

प्रेरणा : मंगळवारी सकाळी. त्यानंतर औषध नाही, ताप पण नाही. काल तर पलंगावरून उड्या मारत होती.

शैला : मग झालं की. चल गं, चपला काढ.

कारभारी : थांबा बाई. नीट तपासा अगुदर. दोनदा खोकली ती पहाटं.

शैला : खोकला चालतो, आजोबा.

कारभारी : आन पोहे निम्मेच खाल्ले.

प्रेरणा : मॅडम, आबांना सांगा, निम्मे त्यांनीच खाल्ले.

शैला : आणि तुमचा कान कशानं लाल झालाय?

कारभारी : डावा ना? तो आता तिचाच हाय. सोडतच नाय. थर्मामीटर लावा बरं एकदा. माझ्या हाताला लई कोमट लागती.

शैला : हे घ्या. अठ्ठ्याण्णव. आजोबा, सोमवारी तुम्हीच विचारत होता, घेतली का पोरगी म्हणून.

कारभारी : सोमवारी मला काय म्हाईत होतं? आन ह्या फ्लूचं काय खरं नाय, उलटला तर? दोन दिस अजून घरी ठिवली तर काय बिघडतं? मी हाय की.

शैला : आणि गावाकडं म्हैस?

कारभारी : ती व्याली परवाच. मनकर्णा, शिवराजची माय, बघती तिचं.

शैला : पोरगी ठणठणीत आहे, आजोबा. मी नाही म्हणू शकत नाही. माझाच नियम आहे.

कारभारी : व्हय. नियम तर नियम. ती बरी झाल्यावर माझं काय काम हितं? जातो सांजच्या गाडीनं. संस्कृती, आईला म्हन, आबा निघाले म्हनावं.

शैला : ती केव्हाच आत पळाली, आजोबा.

प्रेरणा : आबा.

कारभारी : ...बाई, सूनबाई काय म्हनती?

शैला : मला नाही. तुम्हाला म्हणतेय.

प्रेरणा : आबा, राहायला ताप कशाला पायजे?