टाकेपर्यंत गादीच

परवाना कार्यालयाच्या बाकावर वसतिगृहाच्या रेक्टरबाई हातात अर्ज घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक गादीवाले काका आणि त्यांची संशोधक पुतणी. त्यांचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं तरी कानावर पडत होतं.

"आज काय म्हणाले?" काकांनी आत जाऊन आलेल्या पुतणीला विचारलं.

"तेच. जुन्या गाद्या म्हणजे कचरा, आणि कचरा उचलायला कचऱ्याचा परवाना हवा."

"मग तो मागायचा."

"मागितला ना. तर म्हणे, तुम्ही त्या गाद्या यंत्रात दाबून फळ्या बनवून विकता, म्हणजे हा कारखाना झाला. वरच्या मजल्यावर जा."

"आणि वरचे?"

"ते म्हणतात, तुमचा कच्चा माल कचरा आहे, खाली जा."

"आठ महिने हेच चाललंय, पोरी. माझे गुडघे त्या जिन्यातच झिजले."

"काका, आपली फळी आगीत टिकते, पाण्यात टिकते. मी सिद्ध करून दाखवलंय."

"साहेबापुढे टिकत नाही, त्याचं काय?"

"मग सोडून द्यायचं का?"

"सोडायचं असतं तर दुकान विकून यंत्र कशाला घेतलं असतं?"

तेवढ्यात कारकुनाने रेक्टरबाईंना बोलावलं. अर्ज वाचून त्याने शिक्का उचलला.

"तीनशे जुन्या गाद्या कचऱ्यात टाकायच्यात ना? दोन मिनिटांचं काम आहे, बाई."

रेक्टरबाईंनी अर्ज त्याच्या हाताखालून ओढून घेतला आणि त्या बाकाकडे वळल्या.

"काका, मी अजून काही टाकलेलं नाही. टाकेपर्यंत त्या गाद्याच आहेत ना? टेम्पो कधी पाठवता?"