उरलेले दोन महिने

शामकांत : सदरा काढू? बाळंतिणीच्या खोलीत मी असा उघडा बसू?

चांदबी : मंग कोन बसंल, मास्तर? अंबिकाचं अंग तापानं फनफनलंय, तिच्याजवळ लेकरू देता येत न्हाई. शेगडी हाय, गरम पान्याच्या बाटल्या हायेत, आमच्या फक्रुद्दीननं कालच पिंजलेला कापूस हाय. पर शेगडी इझती, बाटली निवती. मान्साची छाती निवत न्हाई.

शामकांत : खरं सांगा चांदबी. सातव्या महिन्यातलं मूल. जगेल?

चांदबी : तीस वर्सं सुईनपन करते. सातमाशी लेकरं जगल्यालीबी बघितलीत अन् गेल्यालीबी. ही दूध गिळती, कापसाच्या वातीनं का हुईना. एवढंच सांगते.

शामकांत : दीड शेरसुद्धा भरणार नाही. कपाळाच्या शिरा दिसतात. डोक्याचं हाड तरी धरलंय का हिचं?

चांदबी : डोकं कच्चं हाय. आत अजून जुळनी चालू हाय. आईच्या पोटात दोन महिनं मिळायचे हुते, ते आता बाहीर काढायचेत. म्हनून उजेड नको, आरडाओरडा नको, येनारा-जानारा नको. पोटात हुती तशीच ठेवा.

अंबिका : अहो, घ्या ना तिला. पहिल्याला कुणी उचलूनसुद्धा घेतलं नव्हतं. टोपलीतच गेला तो.

शामकांत : अंबिका, तू बोलू नकोस. ताप चढेल.

अंबिका : घ्या. मग नाही बोलत.

शामकांत : ...द्या, चांदबी. अरे! पाय किती गार आहेत हिचे.

चांदबी : आसं. कान तुमच्या काळजावर येऊ द्या. सात महिनं आईचे ठोके ऐकलेत तिनं, आता बापाचे ऐकंल. वरनं धाबळी घ्या. अन् हलू नका.

(दहा महिन्यांनी, त्याच खोलीत. चांदबी श्रीगोंद्याहून, लेकीच्या घरून, आजच संगमनेरला परतली आहे.)

चांदबी : भर दुपारी खिडक्या लावून का बसलात, मास्तर?

शामकांत : हळू बोला. जागी आहे ती.

चांदबी : जागी हाय तर बोलाया काय झालं?

शामकांत : तुम्हीच म्हणाला होतात, उजेड नको, आवाज नको. दोन महिने छातीवर वागवली, पुढेही काही कमी केलं नाही. खिडक्यांना गोणपाट लावलं. वहिनींनासुद्धा आत येऊ दिलं नाही. आणि गेल्या आठवड्यात नगरला डॉक्टरांना दाखवली, तर म्हणतात, दहा महिन्यांची होऊन बसत नाही, मेंदू मागे राहिलाय. फार आशा धरू नका.

चांदबी : सातव्यात झाली, हे सांगितलं त्यांना?

शामकांत : त्यांनी विचारलं नाही.

चांदबी : अन् तुमी सांगितलं न्हाई. शाळेत गनित शिकवता ना? दहातनं दोन गेले किती?

शामकांत : आठ.

चांदबी : मंग ही आठ महिन्यांची. आली तवापासनं न्हाई मोजायचं. यायची हुती तवापासनं मोजायचं.

शामकांत : आठ धरले तरी काहीतरी कळायला नको? बापाकडे बघून हसतसुद्धा नाही ती.

अंबिका : हसते.

शामकांत : काय?

अंबिका : तुम्ही शाळेत गेलात की मी तिला स्वयंपाकघरात नेते. पोळ्या लाटताना बोलत असते तिच्याशी. बांगड्या वाजल्या की मान वळवते. काल पिठाचं बोट नाकाला लावलं, तर खिदळली. उचकी लागेपर्यंत खिदळली.

शामकांत : आणि मला सांगितलं नाहीस?

अंबिका : भीती वाटली. पहिला गेला तेव्हा चार महिने माझ्याशी धड बोलला नव्हतात. हिला जरा शिंक आली असती, तरी म्हणाला असतात, उजेडात नेलीस म्हणून.

शामकांत : म्हणजे रोज हसते. आणि मी रोज संध्याकाळी इथे अंधारात बसून... माझ्यामुळे खुंटली का हो ती, चांदबी?

चांदबी : चूक माझी हाय. दोन महिनं म्हनले हुते, पर ते सरल्यावर गोनपाट काढा म्हनून सांगाया मी कुठं हुते? लेकीचं बाळंतपन, मंग तिचं दुखनं. अडकले तिकडंच. अन् तुमी नसता ना, तर आज हिचं वय मोजाया ही नसतीच. पर नुसत्या दुधावर डोकं वाढत न्हाई, मास्तर. बोल लागतो, उजेड लागतो, खेळवनारं मानूस लागतं. द्या इकडं. ये गं बेटी. हे बघा, हात धरून उठवली तर मान संगं येती. दोनी मुठी सारख्या घट्ट. पायबी सारखेच झाडती. आता मी तिकडं सरकते. डोळे बघा तिचे.

शामकांत : तुमच्याबरोबर फिरले! म्हणजे शहाणी होईल? नक्की?

चांदबी : नक्कीचं अल्लाला ठावं. माझ्या हातची एक सातमाशी आता दोन लेकरांची आई हाय. दुसऱ्या एका सातमाशाचा पाय जरा वढतो, बोलायलाबी उशीर झाला, पर मोट हाकतो. एक पोर शेवटपत्तोर बोललंच न्हाई, तरी आईला लांबनं वळखायचं. हिचं कसं, ते आज मला सांगता यायचं न्हाई. तीच सांगंल. पर तुमी तिच्याशी बोला तरी! वाऱ्यातला दिवा बघावा तसं बघता तिच्याकडं, श्वास धरून. ती काय हसंल?

अंबिका : बारसंसुद्धा करू दिलं नाही यांनी. म्हणाले, नाव ठेवलं की माया लागते.

चांदबी : अन् दोन महिनं छातीवर घेऊन काय लागलं?

शामकांत : ...अंबिका, काय ठेवायचं होतं तुझ्या मनात?

अंबिका : नीलांबरी.

शामकांत : मागचं दार उघड. मी नेतो तिला अंगणात. माझा हात नीट आहे ना तिच्या मानेखाली?

अंबिका : मान कधीची धरलीय तिनं. कडेवर घ्या.

शामकांत : डोळे गच्च मिटले हिनं. ऊन सोसत नाही, आत नेऊ का?

चांदबी : दम धरा जरा.

शामकांत : उघडले. पण माझ्याकडे बघत नाहीये ती. वर कुठेतरी बघतेय.

अंबिका : दोरीवर माझं लुगडं हलतंय, त्याच्याकडे.

शामकांत : नीलांबरी! ए नीला, इकडे...

अंबिका : अहो, हाक नका मारू. बघू दे तिला.