फोटोपुरतं हसू

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंना शेजारच्या आजोबांचं आणि एका कार्यकर्त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"पुढचे दोन्ही दात? पडलात कुठे?"

"पडलो नाही, आजोबा. विरोधी उमेदवार आमच्या साहेबांना चोर म्हणाला, म्हणून भर चौकात त्याच्या माणसांना भिडलो."

"शाबास! साहेब भेटून गेले असतील."

"फोन आला. म्हणाले, आता माझा पाठिंबा त्यालाच आहे."

"म्हणजे पक्ष बदलला?"

"छे! पक्ष तोच, मत तेवढं तिकडे."

हसू आलं तसा बाईंचा गाल ठणकला.

"आणि तुम्ही?" आजोबांनी कार्यकर्त्याला विचारलं.

"उद्या त्याला हार घालायचाय. फोटोत हसायला सांगितलंय, म्हणून दात बसवायची घाई."

"अरेरे! आणि ज्यानं पाडले, तो मोकाटच?"

"मोकाट कसला? दवाखान्याखाली थांबलाय. त्यानंच आणून सोडलं मला. प्रचाराची गाडी आता एकच आहे ना."